घरच्यासारखा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य तळघरात जातं. वरच्या मजल्यांवर आरसे, गालिचे, कुंडीतली झाडं. खाली पाण्याचे पंप, विजेचे मीटर आणि लोकांना नकोशा झालेल्या वस्तू. त्याला पहिली गाडी भेटली ती अशाच एका तळघरात. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय म्हणून तो खाली उतरला होता, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक पडलेलं दिसलं. त्याने ताडपत्रीचं टोक उचललं. काळी, रुंद, धुळीतही रुबाब न सोडलेली गाडी. दार उघडून पाहिलं तर तिजोरीच्या दारासारखं जड, आणि लावलं तर आवाज नाही, नुसता एक सुस्कारा. आत चामड्याच्या सीटा, खऱ्या लाकडाच्या पट्ट्या, मागच्या काचेला चक्क पडदा.

गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या वकिलांची होती. त्यांची नजर अधू झाली होती, मुलं लांब राहात होती, आणि इमारतीतले लोक जागा मोकळी करा म्हणून मागे लागले होते.

"घेऊन जा," वकील म्हणाले. "नवी घेतली तेव्हा लोक वळून बघायचे. आता भंगारवालासुद्धा घासाघीस करतो."

एखादी लहानशी जुनी गाडी जेवढ्याला मिळते, तेवढ्यात ती अगडबंब गाडी त्याच्या पदरात पडली.

जुन्या वस्तूंचं त्याला वावडं नव्हतंच. थोरल्या भावाचे शर्ट, थोरल्याची सायकल, थोरल्याची पुस्तकं, सगळं दादाचं वापरून झालं की त्याच्याकडे यायचं. दादा दिसायला देखणा, बोलायला गोड. घरात एकालाच पुढे शिकवायची ऐपत होती आणि तो एक कोण, हा प्रश्न कुणी कधी काढलासुद्धा नाही. दादाने कॉलेज केलं, ह्याने लिफ्टच्या कंपनीत जाऊन हातात पाना घेतला. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. निदान त्याला स्वतःला तसं वाटायचं.

गाडी घेऊन पहिल्यांदा कामावर गेला, त्या दिवशी एका मोठ्या ऑफिसच्या फाटकावरचा वॉचमन ताडकन उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. ह्याच फाटकावर त्याला कित्येक वर्षं 'ए, मागच्या दाराने' एवढंच ऐकायला मिळालं होतं. काच खाली करून त्याने तोंड दाखवलं तेव्हा वॉचमनचा चेहरा पडला. पण ठोकलेला सलाम काही परत घेता येत नाही. दिवसभर तो त्या सलामावर खूश होता.

घरी मात्र वेगळा प्रकार.

"कुणाची उचलून आणलीत?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"आपली आहे."

"आपली म्हणजे नेमकी कुणाची?"

बायको एका हॉस्पिटलात चादरी-अभ्र्यांच्या खोलीवर होती. धुलाईला काय गेलं आणि परत काय आलं हे बघणं तिचं काम, त्यामुळे माणसाच्या हातून काय निसटतंय हे तिला चटकन कळायचं. खाली येऊन तिने गाडीला एक फेरी मारली. गाडीचं नाक त्यांच्या दारात होतं आणि शेपूट शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीला टेकलं होतं.

"आपल्या स्वयंपाकघरापेक्षा लांब आहे," ती म्हणाली. "ओटा इकडेच हलवू या का?"

लेक तेव्हा शाळेत होती. तिला गाडी आवडली. ती मागच्या सीटवर आडवी पडायची, पडदा ओढायची आणि तिथे अभ्यास करत बसायची. तेवढं एक कौतुक त्याच्या वाट्याला आलं.

कामावर त्याला नाव पडलं, सरकार. गाडी सुरू असली की 'सरकार आले'. गॅरेजमध्ये असली की 'सरकार पडलं'. ढकलायची वेळ आली की सगळे मिळून म्हणायचे, "आघाडीचं सरकार आहे बाबा, सगळ्यांनी हात लावायचा." तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला.

आणि सरकार वरचेवर पडायचं. ही गाडी स्प्रिंगांवर नाही, हवेच्या फुग्यांवर उभी असायची. एक फुगा गळायला लागला की सकाळी बघावं तर गाडी एका अंगावर कलून म्हशीसारखी बसलेली. आज काच वर जात नाही, उद्या गरम हवा बंद होत नाही, परवा समोर एक लाल दिवा लागतो आणि तो कशाचा हे कुणाला सांगता येत नाही. गॅरेजवाल्याने त्याला पहिल्याच महिन्यात खुर्ची देऊन समजावलं होतं.

"गाडी तुम्ही जुन्या भावात घेतलीत. पण पार्ट जुन्या भावात मिळत नाहीत, ते नव्या गाडीच्याच भावात मिळतात. ही कितीही म्हातारी झाली तरी हिचं खाणंपिणं शेठजींचंच राहणार."

"एवढं काम करून द्या. मग बघू."

'मग बघू' म्हणत पहिली गाडी संपली. ती भंगारात गेली तेव्हा बायकोने सुटकेचा श्वास टाकला, आणि तो श्वास पुरता बाहेर पडतो न पडतो तोच दुसरी दारात उभी राहिली. धंद्यात बुडालेल्या एका कंत्राटदाराची, चंदेरी. तिच्यानंतर तिसरी, गडद निळी, सगळ्यांत लांब. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, मागची फसली, कारण नीट बघून घेतली नव्हती. बायकोची दुखरी दाढ, गॅलरीचं गळकं छप्पर, लेकीची सहल, सगळं 'गाडी एकदा मार्गी लागू दे' म्हणून पुढे ढकललं जायचं. गाडी मार्गी लागायची आणि मार्गातच थांबायची.

तिसऱ्या गाडीला वर्ष झालं असेल, तेव्हा दादाचा फोन आला.

दादा त्याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहायचा. फ्लॅट विकायचा धंदा, काचेचं ऑफिस. भेट व्हायची ती कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीला.

"परवा सिग्नलला तुला पाहिलं," दादा म्हणाला. "ती गाडी तुझी?"

"हो. जुनी आहे रे."

"जुनी कुठे वाटते? चकाचक ठेवली आहेस. रविवारी मोकळा असशील तर गाडी घेऊन ये. एकांना फ्लॅट दाखवायला न्यायचंय."

शनिवारची सगळी संध्याकाळ तो गाडी पुसत होता. बायको कपडे वाळत घालता घालता बघत होती.

"भावाला भावाची आठवण आली, की गाडीची?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते."

"असते म्हणून दिसते," ती म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

पहिले काही रविवार खरंच छान गेले. दादा त्याच्या शेजारी पुढे बसायचा. गिऱ्हाईक उतरवून दिलं की दोघं एखाद्या टपरीवर चहा प्यायचे. आईच्या गोष्टी निघायच्या. ती दादाला रागवायची तेव्हासुद्धा हसत कशी रागवायची, ह्याची दोघं नक्कल करायचे. त्याला वाटायचं, इतकी वर्षं उगाच लांब राहिलो. गाडीने एवढं केलं, मग ती कितीही का खाईना.

मग एका रविवारी दादा मागे बसला. "मागे बसलं की गिऱ्हाइकाशी बोलायला बरं पडतं," तो म्हणाला. ते पटण्यासारखंच होतं. पुढच्या खेपेला गिऱ्हाईक उतरल्यावरही दादा मागेच बसून राहिला, फोनवर बोलत. चहा राहून गेला. त्यानंतर दादाने एक पुडकं दिलं. आत पांढरा शर्ट होता, घडी न मोडलेला. दादाकडून आलेली आयुष्यातली पहिली कोरी वस्तू.

"घालत जा. गाडीला शोभून दिसेल."

घरी त्याने शर्ट मोठ्या कौतुकाने दाखवला. बायकोने कॉलर बघितली, बाही बघितली आणि शर्ट परत त्याच्या हातात दिला.

"सोबत टोपी नाही दिली?"

तो चिडला. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं नव्हतं असं नाही, पण कळून घ्यायचं नव्हतं.

त्या दिवसांत दादाला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं, कापडाचे व्यापारी. साधा, हसरा माणूस, सगळ्यांची विचारपूस करणारा. एका दुपारी ते आणि दादा मागे बसले होते. व्यापाऱ्यांनी सीटवरून हात फिरवला.

"गाडी फार छान ठेवली आहे," ते म्हणाले. मग पुढे वाकून त्यांनी आपुलकीने विचारलं, "किती वर्षं आहात तुम्ही साहेबांकडे?"

त्याने आरशात पाहिलं. दादाचा चेहरा खिडकीकडे होता. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बंद दुकान आणि एक उभा ट्रक. तरी दादा तिकडेच बघत होता. एक शब्द दादाने बोलायचा होता. त्याने तो बोलावा म्हणून धाकट्याने गाडी हळू केली. दादा बोलला नाही.

"लहानपणापासून," तो म्हणाला.

"वा. अशी माणसं आता मिळत नाहीत हो."

"खरं आहे," दादा म्हणाला. आता त्याचा आवाज मोकळा झाला होता. "अगदी घरच्यासारखा आहे."

त्या संध्याकाळी त्याने गाडी घराच्या अलीकडच्या वळणावर उभी केली आणि बराच वेळ आतच बसून राहिला. वर गेल्यावर बायकोने विचारलं, चेहरा असा का. तो म्हणाला, ट्रॅफिक होतं. पुढच्या रविवारी दादाचा फोन आला आणि तो गेला. नाही म्हणायचं त्याने ठरवलं होतं, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. पण दादाने फोनवर 'अरे' म्हटलं आणि ह्याने 'किती वाजता येऊ' एवढंच विचारलं.

वर्षभरात व्यापाऱ्यांच्या मुलाचं आणि दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. ही पुतणी लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून फिरलेली, त्याच्या हाताला धरून सायकल शिकलेली. बातमी ऐकून तो हरखून गेला. मग दादा स्वतः त्याच्या घरी आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, जणू उठायची तयारी ठेवून.

"एक अडचण झाली आहे," दादा म्हणाला. "मुलाकडचे तुला ओळखतात."

"मग चांगलंच आहे की."

"तसं नाही रे. ते तुला वेगळ्या नात्याने ओळखतात."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"आता मध्येच सांगायचं की हा माझा सख्खा भाऊ, तर काय होईल? एवढे दिवस आपल्याला फसवलं असं वाटेल त्यांना. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हणजे मी येऊ नको?"

"असं कसं? तू यायचंसच. नवरा-नवरीची गाडी तूच चालवायची. तो मान तुझाच."

बायको दारात येऊन उभी राहिली. हात ओले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

"आणि मी कोण म्हणून येऊ, दादा? ड्रायव्हरची बायको म्हणून? की ड्रायव्हरला बायकामुलं नसतातच?"

"तू जरा समजून घे," दादा म्हणाला.

"मी समजून घेतलंय. समजायचं कुणाचं राहिलंय ते तुम्हाला माहीत आहे."

ती आत गेली. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा दाबला आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

बायको आणि लेक लग्नाला गेल्या नाहीत. तो गेला. जाताना लेकीने विचारलं, "बाबा, तुम्हाला कुणी जबरदस्ती केली आहे का?" जबरदस्ती कुणीच केली नव्हती.

लग्न लागलं तेव्हा तो हॉलच्या मागच्या बाजूला बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर होता. तिथेच ताटं आली, तिथेच जेवला. पुढे नातेवाईक जमले होते. ओळखणारेही होते, पण दादाने त्यांच्या कानावर काहीतरी घातलं असावं; एकही मागच्या बाजूला फिरकला नाही. मग निरोप आला आणि त्याने गाडी पुढे आणली. नवरा-नवरी मागे बसले. पुतणीने बसताना त्याच्याकडे पाहिलं नाही. सबंध वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, तिच्या बापाने त्या दुपारी पाहिलं होतं अगदी तसंच. नाकाची ठेवणही बापाचीच होती.

पोचल्यावर नवरा मुलगा उतरून मुद्दाम त्याच्या खिडकीशी आला. चांगल्या घरातला, सभ्य मुलगा. त्याने एक पाकीट पुढे केलं.

"हे तुमच्यासाठी, काका."

काका. मागे उभ्या असलेल्या पुतणीने तो शब्द ऐकला आणि तिची मान खाली गेली. क्षणभर त्याला वाटलं, आता ती बोलेल. ती साडीचा पदर सावरत राहिली. त्याने पाकीट घेतलं. घेतलं नसतं तर कारण सांगावं लागलं असतं.

पुढच्या काही महिन्यांत निळ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. गॅरेजवाल्याने ह्या वेळी खुर्चीही दिली नाही, उभ्या उभ्याच हात वर केले. गाडी भंगारात गेली. त्याने दादाला फोन करून सांगितलं.

"अरेरे," दादा म्हणाला. "बरं. करतो काहीतरी."

त्यानंतर दादाचा फोन आला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला, मग त्याने मोजणं सोडलं. तो बसने कामाला जायला लागला. घरात थोडी मोकळी हवा आली. बायकोची दाढ दुरुस्त झाली. लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, ती गेली. रविवारी तो आणि बायको पायी बाजारात जायचे. ती पूर्वीपेक्षा जास्त बोलायची. एकदा तर हसत हसत म्हणाली, "सरकार कायमचं पडलेलंच बरं."

मग एका उंच इमारतीच्या तळघरात तो लिफ्टच्या खड्ड्याशी काम करत असताना शेजारी एक नवी कोरी गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरून अंग मोकळं करायला लागला. दोघांचं बोलणं सुरू झालं. साहेब कोण, विचारल्यावर ड्रायव्हरने दादाच्याच ऑफिसचं नाव सांगितलं.

"माणूस कसा आहे?" त्याने पाना पुसत विचारलं.

"चांगला आहे. फक्त विश्वास टाकत नाहीत चटकन. आधीच्या ड्रायव्हरने पोळलंय त्यांना. जुनी गाडी होती, सारखी गॅरेजात. तो म्हणे पार्टांमध्ये पैसे खायचा. घरच्यासारखा वागवला होता, तरी. शेवटी हाकलला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साहेबांनीच. म्हणजे मला नाही, त्यांच्या व्याह्यांना. ते विचारत होते, तो म्हातारा दिसत नाही हल्ली. मी पुढेच बसलो होतो."

"असतात असे लोक," तो म्हणाला आणि खड्ड्यात उतरला.

काम संपल्यावर तो तसाच, तेलकट कपड्यांत, बसने दादाच्या ऑफिसला गेला. टेबलाशी बसलेली मुलगी त्याला बघून म्हणाली, "लिफ्ट डाव्या बाजूला आहे, पण बंद नाही पडलेली." तेवढ्यात दादा बाहेर आला. त्याने ह्याला पाहिलं, दंडाला धरून केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"तू मला चोर म्हणालास," तो म्हणाला.

दादाला काय झालं असेल ते लगेच कळलं. त्याने चष्मा काढला, पुसला.

"व्याह्यांना काहीतरी सांगावं लागलंच असतं. आणि तुझं नाव कुठे घेतलं मी? ड्रायव्हरबद्दल बोललो. तू काय ड्रायव्हर आहेस का?"

तो उभाच होता. बोलायला बरंच काही घेऊन आला होता, बसमध्ये मनात घोकत आला होता. पण तो ड्रायव्हर नाही हे दादाने पहिल्यांदा तोंडाने मान्य केलं होतं, तेही दार लावून.

"पाणी घे," दादा म्हणाला.

"नको."

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं, त्या दुपारच्या 'लहानपणापासून'पासून आजच्यापर्यंत. शेवटी ती एवढंच म्हणाली, "शर्ट आला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." आणि तिने त्याला जेवायला वाढलं. तिला वाटलं, आता हे प्रकरण मिटलं.

उन्हाळ्यात त्याने चौथी गाडी आणली. करडी, आधीच्या निळीइतकीच लांब, एका बंद पडलेल्या हॉटेलच्या आवारातून. का आणली, हे त्याला धड सांगता आलं नाही. बायकोने फार खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, बसमध्ये दांड्याला लटकून जाताना आपण कुणीच नाही असं वाटतं. गाडीत बसलं की निदान कुणाचा तरी ड्रायव्हर असल्यासारखं वाटतं. हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोलून बसलो. पण ते आता तोंडातून गेलं होतं.

तिने त्यावर वाद घातला नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त गाडीत पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. लेक सुट्टीला आली तेव्हा तिला आणायला तो स्टँडवर गेला होता, तर ती रिक्षाने घरी पोचलेली.

एकदा सकाळी कामावर जाताना त्याला स्टॉपवर बायको उभी दिसली. ऊन चढलं होतं, हातात डबा आणि छत्री. त्याने गाडी कडेला घेतली. पलीकडची काच खाली जात नव्हती, म्हणून वाकून दार उघडलं.

"बस," तो म्हणाला.

"माझी बस येईल आता," ती म्हणाली.

"हॉस्पिटलवरूनच जातोय. बस ना."

"तुम्ही व्हा पुढे. उगाच उशीर होईल तुम्हाला."

स्टॉपवरची माणसं गाडीकडे बघत होती. बाजूच्या एका बाईने तिला हळूच विचारलं, "कोण हो ते?" ती काय म्हणाली ते त्याला ऐकू आलं नाही, कारण मागून बस आली होती आणि तिचा ड्रायव्हर जागा दे म्हणून सारखा हॉर्न वाजवत होता. त्याने दार ओढून घेतलं आणि गाडी पुढे काढली.